क्रूझची बॅग नंतर भरा

पहिल्यांदा क्रूझला निघालेल्या माणसाला फुकटात काय मिळत असेल तर याद्या. फॉर्मल नाईटला कोट न्या, टोपी न्या, सनस्क्रीन न्या, दाराला चिकटवायला चुंबकाचे हुक न्या (केबिनच्या भिंती लोखंडी असतात म्हणे), पत्ते न्या. हापिसात कुणीतरी एक्सेल शीटच पाठवतो, तीही रंगबिरंगी. मंडळी, माझं या याद्यांशी वाकडं आहे. त्या चुकीच्या असतात असं नाही. पण पन्नास ओळींच्या यादीत जी गोष्ट नसली तर ट्रिप बंदरावरच संपते तिलाही एक ओळ, आणि पोहायच्या गॉगललाही एकच ओळ. सगळे बग एकाच प्रायॉरिटीने लॉग केले की काय होतं ते आपल्याला चांगलंच माहीत आहे. रिलीजच्या आदल्या रात्री बटणाचा रंग दुरुस्त झालेला असतो आणि लॉगिन बंद!

माझं म्हणणं साधं आहे. टोपी बोटीवर विकत मिळते, महाग मिळेल पण मिळते. व्हिसा तिथे मिळत नाही, हुकलेली वेळ मिळत नाही, आणि तिकीट काढताना मान्य केलेल्या अटी बदलून मिळत नाहीत. पहिल्या क्रूझची तयारी म्हणजे आधी या तीन गोष्टी. बॅग काय, शेवटच्या शनिवारी दोन तासांत भरते.

व्हिसापासून सुरू करू. मुंबई-गोवा केलंत तर प्रश्न नाही, फेरी देशातल्या देशात. पण सिंगापूरहून निघून पेनांग, फुकेत करून परत सिंगापूरला उतरलात की सिंगापूरमध्ये तुमचा दोनदा प्रवेश झाला. अथेन्सहून निघालेली बोट ग्रीसची बेटं करता करता मध्येच तुर्कस्तानात कुशादासीला लागते. म्हणजे तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात आणि पुन्हा आत आलात. हातात सिंगल एंट्रीचा व्हिसा असेल तर चेक-इनच्या काउंटरवरूनच घरी जायची पाळी येऊ शकते. "मी कुठे तिथे उतरणारे, बोटीवरच बसेन की" हा युक्तिवाद तिथे करून काही होत नाही.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांसाठी तर खास गंमत आहे. सिअ‍ॅटलहून अलास्काला जाऊन परत येणाऱ्या मोठ्या बोटी वाटेत कॅनडाच्या बंदराला, बहुतेकदा व्हिक्टोरियाला, थांबतात. व्हिक्टोरिया सुंदर आहे म्हणून नव्हे (आहेच), तर १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यामुळे. परदेशी झेंड्याच्या बोटीला निव्वळ अमेरिकन बंदरांमध्ये प्रवासी फिरवता येत नाहीत, आणि यातल्या बहुतेक बोटींवर बहामा, पनामा, बर्म्युडा असले झेंडे असतात. म्हणून मध्ये एक परदेशी बंदर घ्यावंच लागतं. त्या चार-सहा तासांसाठी एच-१बी वाल्या भारतीय पासपोर्टला कॅनडाचा व्हिसा लागतो. ग्रीन कार्ड असेल तर लागत नाही.

आणि पासपोर्टवरच्या एच-१बीच्या शिक्क्याची मुदत संपलेली असेल तर? आय-९४ वैध असेल, तर ३० दिवसांच्या आतल्या कॅनडा किंवा मेक्सिकोच्या फेरीनंतर जुन्या शिक्क्यावर परत येण्याची सवलत आहे. कॅरिबियन बेटांसाठी मात्र ती सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना आहे, एच-१बी ला नाही. म्हणजे मायामीहून बहामाची तीन रात्रींची स्वस्तातली ट्रिप सरळ नोकरीवर येऊ शकते. हे कुठल्या रंगीत शीटमध्ये वाचलंय? नियम बदलत राहतात, त्यामुळे माझ्यावरही विसंबू नका. तिकीट काढण्याआधी सरकारी साइटवर स्वतः बघा.

दुसरं म्हणजे घड्याळ. ट्रेन सुटली तर टॅक्सी करून पुढचं स्टेशन गाठता येतं. बोट सुटली तर पुढचं बंदर दुसऱ्या देशात, आणि तिथवर जाण्याचा खर्च तुमचा. म्हणून बोट सुटायच्या दिवशी सकाळच्या विमानाने बंदराच्या गावी पोचायचा प्लॅन करू नका. आदल्या दिवशी पोचा. एका रात्रीच्या हॉटेलचे पैसे वाचवायला आख्खी क्रूझ पणाला लावण्यात काय शहाणपण?

शिवाय ब्रोशरमधली गावं आणि बोट लागते ती गावं वेगळी असतात. 'रोम' लिहिलेलं असतं, बोट लागते चिव्हितावेक्कियाला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. 'पॅरिस' म्हणजे ल हाव्र, साधारण २०० किलोमीटर. लांब कशाला जा, आपलं गोवाच घ्या. बोट लागते मुरगावला, वास्कोच्या शेजारी. पणजी तिथून रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर, कळंगुट त्याच्याही पुढे. आठ तासांच्या थांब्यात आग्वाद, कळंगुट, जुनं गोवं आणि वर मासळीची थाळी असा प्लॅन करणाऱ्यांना माझा दंडवत. बोट सुटायच्या वेळेआधी अर्धा ते एक तास सगळ्यांना आत घेतात. कंपनीच्या सहलीची बस अडकली तर बोट सहसा थांबते. तुम्ही बाहेर स्वस्तात ठरवलेल्या टॅक्सीसाठी थांबत नाही.

आता तिसरं, आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित. अटी! आपण लोक फोन घेताना चाळीस रिव्ह्यू वाचतो. आणि दोन-तीन लाखांच्या तिकिटावर "आय अ‍ॅग्री" दाबून मोकळे. १९९१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कार्निव्हल विरुद्ध शूट हा खटला गाजला. वॉशिंग्टन राज्यातल्या शूट नावाच्या बाई बोटीवर घसरून पडल्या. त्यांनी घरच्या राज्यात दावा लावला. पण पैसे भरल्यावर पोस्टाने आलेल्या तिकिटावर छापलेलं होतं की दावा फ्लोरिडातच लावायचा. कोर्टाने ७ विरुद्ध २ असा निकाल देऊन ते कलम ग्राह्य धरलं. तेव्हा निदान कागद हातात तरी यायचा. आज तो लिंकच्या मागे असतो.

त्या लिंकच्या मागे काय असतं? ठरलेलं बंदर गाळायचा अधिकार कंपनीकडे, आणि त्याबद्दल नुकसानभरपाई सहसा नाही. बोटीवरच्या डॉक्टरचं बिल तुमचं, म्हणून बोटीवरचे उपचार आणि हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च देणारा ट्रॅव्हल इन्शुरन्स घ्या. टिप ऐच्छिक वाटते, पण मोठ्या कंपन्यांमध्ये माणशी रोज १६ ते २० डॉलरच्या आसपास रक्कम आपोआप खात्यावर चढते. १८ धरले तरी चौघांच्या सात रात्रींचे ५०४ डॉलर झाले. ही रक्कम बऱ्याचदा तिकिटाच्या मोठ्या अक्षरांतल्या किमतीत नसते. दारूचं पॅकेज बऱ्याच ठिकाणी केबिनमधल्या एका मोठ्या माणसाने घेतलं की दुसऱ्यालाही घ्यावं लागतं. आणि फोन! किनारा सुटला की फोन बोटीचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो. रोमिंगचं बिल पाहून घेरी येईल, तेव्हा विमानासारखाच फ्लाइट मोड लावा.

हे सगळं ऐकून लोक म्हणतात, "एवढं डोकं लावायचं तर सुट्टी कसली?" मला हा प्रश्नच उलटा वाटतो. डोकं आधी लावलं तर डेकवर लावावं लागत नाही. आणि बोटीवर गेल्यावर डोकं बाजूला ठेवा असं म्हणणाऱ्यांनी १३ जानेवारी २०१२ आठवावा. कोस्टा कॉन्कॉर्डिया चिव्हितावेक्कियाहून निघाली आणि त्याच रात्री जिल्यो बेटाजवळ खडकावर आदळली. ३२ माणसं गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती, कारण २४ तासांत केली तरी चालेल असा तेव्हाचा नियम होता. १ जानेवारी २०१५ पासून नियम बदलला. आता कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी होते. तेव्हा बुफेच्या रांगेत उभं राहून ती टाळू नका. सात छोटे भोंगे आणि एक लांब भोंगा म्हणजे काय आणि आपण जमायचं कुठे, एवढं पोरांनासुद्धा पाठ हवं.

यादीच हवी असेल तर ही घ्या. प्रत्येक बंदराचा देश लिहा आणि समोर व्हिसा कोणता, किती प्रवेशांचा, ते लिहा. प्रत्येक बंदरापासून खरं गाव किती लांब ते मोजा. तिकिटाबाहेरचे पैसे जोडून खरी किंमत काढा. कराराची प्रत डाउनलोड करून एकदा वाचा. पासपोर्ट, औषधं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत, कारण मोठी बॅग धक्क्यावर ताब्यात घेतात आणि ती केबिनपाशी संध्याकाळपर्यंत येते. मॅगीसाठीची इलेक्ट्रिक केटल घरी ठेवा. बोटीवर आगीची भीती सगळ्यात मोठी, त्यामुळे बहुतेक कंपन्या ती काढून घेतात. जेवणाआधी हात साबणाने धुवा, नोरोव्हायरसला सॅनिटायझर फारसा दाद देत नाही.

एका रविवारी तीन तास लागतील. बाकी कोट न्यायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा.