बायोडेटातलं सीताफळ

धारूरकडच्या एका मित्राने परवा बायोडेटा पाठवला, 'जरा बघ ना' म्हणून. पुण्यात सेल्सची नोकरी हवीय. वर फोटो, खाली जात, 'हार्डवर्किंग', 'टीम प्लेअर', छंद क्रिकेट. अनुभव? निरंक!

"अरे, तू सीताफळं विकायचास ना?"

"ते काय लिहायचं? घरचंच काम ते."

घरचं काम? बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये जीआय मानांकन मिळालंय, बॉस! हे फळ एकदा पिकलं की थांबत नाही. म्हणजे रोजचं टार्गेट, रोजची घासाघीस, वर उधारीची वसुली. सेल्स म्हणजे आणखी काय असतं राव?

मग बसून लिहिलं: किती हंगाम, दिवसाला किती क्रेट, कायमची गिऱ्हाइकं किती. आकडे खरे तेवढेच. फुगवलेला आकडा मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला फुटतो. जात काढली. सगळं एका पानात बसलं.

राहिलं एक रिकामं वर्ष. त्या वर्षी तो कॉलेज सोडून आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेला होता, मुकादमाची उचल फेडायला. "हे नको," म्हणाला. बराच वेळ गप्प बसला. मग स्वतःच टाइप केलं.

एचआरवाल्या दोस्तांनो, गठ्ठा चाळताना 'गॅप' दिसला की लगेच बाजूला टाकू नका. बीडमधून दर हंगामात हजारो कुटुंबं कोयता घेऊन बाहेर पडतात. एक फोन तर करा.

त्याला सोमवारी आला फोन. नोकरीचं अजून नक्की नाही. पण पहिला प्रश्न सीताफळाचाच होता!