थिनरचा डबा बाजूला ठेवा

जुन्या मिनिएचरवरचा रंग काढायचा म्हटलं की सल्ला ठरलेला असतो: हार्डवेअरच्या दुकानातून थिनर आण, डब्यात ओत, रात्रभर बुडवून ठेव. सल्ला देणाऱ्याला मॉडेल कशाचं आहे हे माहीत नसतं आणि डब्यात नेमकं काय आहे हेही माहीत नसतं. तरी बोलणं छातीठोक. सकाळी तळाशी चिकट करडा गोळा सापडला की हाच माणूस ‘प्लॅस्टिकच हलकं निघालं’ म्हणून हात झटकतो. प्लॅस्टिक हलकं नव्हतं. सल्ला बेअक्कल होता.

वॉरहॅमर या खेळाचे बहुतेक प्लॅस्टिक पुतळे पॉलिस्टायरीनचे असतात. अॅसिटोन आणि टोल्युइन पॉलिस्टायरीन खातात. बाजारातल्या एनसी थिनरमध्ये बहुधा याच जातीची द्रावकं असतात, आणि नेलपॉलिश रिमूव्हरच्या कित्येक बाटल्यांत अॅसिटोनच असतं. मॉडेल जोडणाऱ्याला हे कुणी वेगळं शिकवायला नको, कारण प्लॅस्टिक सिमेंट सांधा जुळवतं तेच मुळी दोन्ही कडा विरघळवून. सुईच्या टोकाएवढ्या थेंबानं जे होतं, ते डबाभर थिनरनं अख्ख्या पुतळ्याचं होणार, एवढाही विचार करायचा नाही?

एका पोरानं मला असाच एक स्पेस मरीन, म्हणजे वॉरहॅमरचा चिलखती सैनिक, दाखवला. थिनरमधून लगेच बाहेर काढला होता, म्हणून उभा तरी होता. पण खांद्याच्या कवचाची कड ओघळलेली, चिलखतावरचे रिव्हेट सपाट, आणि चेहरा पुसलेला. २८ मिलिमीटरच्या पुतळ्याचा डोळा मोहरीहून लहान असतो. मूर्तिकारानं त्याला पापणी कोरलेली असते, आणि ती मिलिमीटरच्या अंशाएवढी खोल असते. जाड रंगाखाली ती दबलेली होती, पण शाबूत होती. रंग काढण्याच्या नावाखाली पापणीच गेली. हे स्वच्छ करणं नव्हे, नासधूस आहे.

रेझिनची तऱ्हा वेगळी, आणि तिथं तर अज्ञान आणखी माजलंय. वॉरहॅमर बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉपनं २०११ मध्ये धातूचे कित्येक पुतळे फाइनकास्ट रेझिनमध्ये आणले. साच्यात ओतलेलं असं रेझिन बहुधा पॉलियुरेथेन असतं. आता घरोघरी थ्रीडी प्रिंटर आलेत, त्यांचं रेझिन प्रकाशानं घट्ट होणारं. दोघांना एकाच नावानं हाक मारायची आणि एकाच बाटलीत बुडवायचं, हा आडमुठेपणा आहे. प्रिंट केलेला पुतळा धुताना आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतात, म्हणून रंग काढायलाही तो दिवसभर त्यातच ठेवला, तर तो फुगतो, मऊ पडतो, बारीक भागांना तडे जातात. भाला आणि तलवार आधी जातात.

म्हणून बाटली उघडण्याआधी पुतळा उलटा करा. तळाशी, जिथं कुणी बघणार नाही तिथं, ब्लेडनं जरासं खरवडा. पॉलिस्टायरीनची वळलेली साल निघते, ओतीव रेझिनची भुकटी पडते. ती भुकटी नाकात जाऊ देऊ नका. मिनिटभराचं काम आहे, आणि ते न करणाऱ्याला मी आळशीच म्हणणार.

मुळात अॅक्रिलिक रंग विरघळवायचा नसतो, सैल करायचा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं रंगाचा पापुद्रा फुगतो आणि पृष्ठभाग सोडतो. पॉलिस्टायरीनला त्याचा त्रास होत नाही. मग जुना मऊ टूथब्रश, लाकडी टूथपिक आणि धीर. डेटॉलही चालतं, पाणी न घालता. पण त्यातून काढलेला पुतळा तडक नळाखाली धरलात, तर सैल झालेल्या रंगाचा चिकट राडा होतो आणि खाचाखाचांत बसतो. आधी दुसऱ्या वाटीतल्या ताज्या डेटॉलमध्ये ब्रश मारून सगळा रंग काढायचा, मग साबण, मग पाणी. डेटॉलला नावं ठेवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी हीच पायरी गाळलेली असते.

आणि प्रायमर राहिला म्हणून जीव का काढता? स्प्रे प्रायमर चिवट असतो, खाचेत थोडा राहतोच. तो पातळ आणि गुळगुळीत असेल तर त्यावरच पुढचा रंग बसतो. कोऱ्या प्लॅस्टिकपर्यंत पोहोचायचा हट्ट धरून लोक ब्रेक ऑइलपर्यंत जातात. ब्रेक ऑइलमध्ये ग्लायकोल ईथर असतात, त्यातले काही कातडीतून अंगात शिरतात. एका खेळण्याच्या खाचेतला काळा ठिपका काढायला उघड्या हातांनी हे हाताळायचं?

आयसोप्रोपिल अल्कोहोलही निरुपद्रवी नाही. ठिणगी मिळाली तर त्याच्या वाफेला पेट घ्यायला साधारण १२ अंश सेल्सिअस पुरतात, म्हणजे आपल्याकडे जवळपास बारा महिने. तरीही लोक ओट्यावर, गॅसच्या शेजारी बरणी उघडून बसतात. खिडकी उघडा, नायट्रिलचे हातमोजे घाला, बरणीला घट्ट झाकण लावा. वापरलेलं अल्कोहोल मोरीत ओतू नका. गाळ खाली बसू द्या, वरचं नितळ पुन्हा वापरा आणि वाळलेला गाळ घातक कचऱ्यात द्या.

सेकंडहँड पुतळे विकणाऱ्यांवर माझा सगळ्यात जास्त राग आहे. ‘रंग काढलेला, साफ’ एवढंच सांगून पैसे घेतात. कशाचा पुतळा, कशात बुडवला, किती वेळ, एक शब्द नाही. घेणारा घरी जाऊन प्रायमर मारतो आणि महिन्याभरात हात निखळतो, कारण जुना सुपरग्लू द्रावकात सैल झालेला असतो आणि कुणी तो खरवडून नव्यानं जोडलेला नसतो. असा पुतळा विकायला ठेवताना या तीनही गोष्टी लिहा. लिहायच्या नसतील, तर किंमत तुटक्या मालाची लावा.