दरडीची पूर्वसूचना

हिमालयांत हिमकडा कोसळून माणसें मेल्याची वार्ता आली म्हणजे आमचे भंडाऱ्याचे वाचक हळहळतात आणि पान उलटतात. आपल्याकडे बर्फ नाहीं, तेव्हां ही चिंता आपली नव्हे, असा एकंदर समज दिसतो. २०२५ सालीं २८ फेब्रुवारीस बद्रीनाथाजवळील माणा येथें रस्त्याच्या कामावरील ५४ मजूर बर्फाखालीं सांपडले व त्यांपैकीं ८ दगावले. अशा अपघातांचीं कारणें अनेक. परंतु हिवाळ्यांत हवा उबदार होऊन बर्फावर पाऊस पडला, कीं बर्फाचें वजन वाढतें, पाणी आंत झिरपून थरांची पकड ढिली होते आणि उतारावर टिकून राहिलेला ढीग एकाएकीं निसटतो. या वाक्यांतील बर्फाच्या जागीं माती घातली, कीं सह्याद्रीचें वर्णन झालें.

३० जुलै २०१४ रोजीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गाडलें जाऊन १५१ माणसें मेलीं. गांव नाहींसें झालें हें बाहेर कळलें तें नेहमींच्या फेरीस आलेल्या एस. टी.च्या चालकामुळें! २२ जुलै २०२१ रोजीं महाड तालुक्यांतील तळिये येथें ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं खालापूर तालुक्यांतील इर्शाळवाडी गेली. २७ प्रेतें सांपडलीं आणि ५७ माणसें बेपत्ता असतांच शोध थांबला. ही ठाकरांची वाडी दरडप्रवण गांवांच्या यादींत नव्हती, असें सरकारनेंच विधिमंडळांत सांगितलें. यादी करणाराचे पाय त्या पायवाटेनें वर गेलेच नसतील, तर यादींत नांव येणार कोठून?

कोणी म्हणेल, ही देवाची इच्छा. आम्हांस हें मान्य नाहीं. डोंगर पडण्यापूर्वीं पुष्कळदां खुणा दाखवितो: जमिनीस भेगा पडतात, झाडें कलतात, कोरड्या जागीं गढूळ झरे फुटतात. या खुणा शाळेंतील पोरासही शिकवितां येतील. संततधार चार दिवस चालली, कीं उतारावरील घरें रिकामीं करणें हें कांहीं दैवी ज्ञान नव्हे. पुनर्वसनाचें तेंच. माळीणकरांस नवीं घरें २०१७ सालीं मिळालीं. पण तीं मिळालीं उरलेल्यांस.

आतां घरचें पाहूं. आमचें संकट डोंगरावरून नव्हे, नदीवरून येतें. वैनगंगा सिवनी जिल्ह्यांत उगम पावते आणि तेथील संजय सरोवराचें पाणी सुटलें, कीं तें आमच्याच दारांत येतें. २०२० च्या ऑगस्टअखेर तसेंच झालें. गोसीखुर्दचे ३३ ही दरवाजे उघडावे लागले, भंडारा शहराचे सखल भाग पाण्यांत गेले आणि नदीकाठचें धान बुडालें. येथें तर दरडीसारखी क्षणाची गांठ नाहीं. धरणाचें पाणी शहरापर्यंत यावयास कित्येक तास लागतात. एवढा अवधि असून जर दुकानदारास पोतीं उंचावर नेतां येत नाहींत आणि काठावरील म्हातारीस घर सोडतां येत नाहीं, तर दोष नदीचा नव्हे.

आमचे धान्याचे व पितळेचे व्यापारी पुरानंतर वर्गणी देण्यास कधीं मागें राहत नाहींत. त्यांचा हा गुण आम्ही जाणतों. तथापि वर्गणीची पावती फाडण्याआधींच त्यांनीं एक प्रश्न विचारावा: सिवनीहून पाणी सुटल्याची वर्दी कोणास येते, किती वाजतां येते, आणि तेथून नदीकाठच्या शेवटच्या झोंपडीपर्यंत ती कोण नेतो? या तिन्हींचीं उत्तरें नांवनिशीवार लिहून नगर परिषदेच्या व प्रत्येक काठच्या ग्रामपंचायतीच्या दारावर मृगापूर्वीं लागलीं पाहिजेत, आणि कोतवालाची दवंडी एकदां कोरड्या दिवशीं पिटून पाहिली पाहिजे.