भाव तोच हवा, पण वस्तूही तीच हवी

अक्षय्य तृतीया किंवा दिवाळी जवळ आली की डोंबिवलीच्या मानपाडा रस्त्यावर, कल्याणच्या शिवाजी चौकाच्या आसपास आणि ठाण्याच्या गोखले मार्गावर एकच संवाद दुकानोदुकानी कानी पडतो. ग्राहक मोबाइल पुढे करतो आणि म्हणतो, "शेठ, हाच एसी तिकडे अडीच हजारांनी स्वस्त आहे. त्या भावात देता का?" शेठ आधी मोबाइलकडे पाहतात, मग ग्राहकाकडे. पुष्कळदा दोघांची जुनी ओळख असते. कित्येकदा दोघे एकाच संघातले, एकाच उपाश्रयात प्रतिक्रमणाला बसणारे असतात. या मासिकाचे वाचक तर गल्ल्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. म्हणून या प्रश्नाचा विचार केवळ बचतीच्या अंगाने करून भागत नाही.

मागणी करण्यात गैर काहीच नाही, हे प्रथम स्पष्ट असावे. वेष्टनावर छापलेली एमआरपी ही सर्व करांसह आकारता येणारी कमाल किंमत आहे. तिच्यापेक्षा एक रुपयाही अधिक घेता येत नाही. कमी घेण्यास मात्र कोणतीही आडकाठी नाही. उलट, शेजारच्या दुकानाचा भाव देण्याची सक्ती कोणत्याही दुकानदारावर नाही. 'कुठेही स्वस्त मिळाल्यास तोच भाव देऊ' अशी जाहिरात त्याने स्वतःच केली असेल तर गोष्ट वेगळी. ते वचन न पाळणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रारीची बाब ठरू शकते. आपल्याकडे असे लेखी वचन क्वचितच दिसते. येथे सारा व्यवहार शब्दावर आणि संबंधावर चालतो.

ब्रिटनमधील जॉन लुईस या दुकानसमूहाने १९२५ साली असे वचन जाहीर केले आणि जवळजवळ शंभर वर्षे पाळले. २०२२ मध्ये त्यांनी ते मागे घेतले, कारण केवळ ऑनलाइन विकणाऱ्यांशी तुलना त्यात बसत नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा सुरू झाले, पण ठरावीक २५ विक्रेत्यांपुरते. या वचनाची जुनी अट लक्षात घेण्याजोगी आहे: वस्तू तीच हवी आणि तिच्याबरोबर मिळणारी सेवाही तीच हवी. आपल्या बाजारातील बहुतेक वाद ही अट विसरल्याने होतात.

एसीचेच उदाहरण घ्यावे. समजा, डोंबिवलीतील दुकानदार ४१,००० रुपये सांगतो आणि मोबाइलवर ३८,५०० दिसतात. मोबाइलवरील आकड्यात एका विशिष्ट बँकेच्या कार्डावरची दीड हजारांची सूट धरलेली असते. ते कार्ड घरात नसेल तर तो भाव त्या घरासाठी अस्तित्वातच नाही. उरले एक हजार. आता बसवणीचा खर्च पाहावा. भिंतीला भोक पाडणे, बाहेरच्या यंत्राचा लोखंडी स्टँड, ठरावीक लांबीपेक्षा जास्त लागणारा तांब्याचा पाइप यांचे पैसे ऑनलाइन खरेदीत कारागीर दारात आल्यावर सांगतो. दुकानदाराने स्टँड आणि बसवणी आपल्या भावात धरली असेल, तर महाग दिसणारा एसी प्रत्यक्षात स्वस्त पडतो. 'नो कॉस्ट ईएमआय'चेही तसेच. क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांत व्याजाइतकी रक्कम आधी सूट म्हणून वजा होते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी ग्राहकालाच भरावा लागतो.

मॉडेल क्रमांक तर अक्षर न अक्षर जुळवून पाहावा. अनेक कंपन्या ऑनलाइन विक्रीसाठी एक आणि दुकानांसाठी दुसरे मॉडेल काढतात. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, क्रमांकात शेवटचे एखादे अक्षर तेवढे बदलते आणि आत एखादी सोय कमी असते. ताऱ्यांचेही असेच आहे. १ जुलै २०२२ रोजी एसीच्या तारांकनाचे निकष कडक झाले, तेव्हा आदल्या दिवसापर्यंत पाच तारे मिरवणारी यंत्रे चार ताऱ्यांवर आली. त्यामुळे लेबलवर तारे किती हे पाहताना लेबल कोणत्या काळातले तेही पाहावे लागते. गोदामातला जुना माल स्वस्त मिळतो तो उगाच नाही.

इतकी वजाबाकी करूनही फरक उरला, तर तो मागावा, संकोच नको. मागण्याची वेळ मात्र साधावी. रविवारी संध्याकाळी गर्दीत नोकरमाणसाशी हुज्जत घालण्यापेक्षा आठवड्यातल्या एखाद्या दुपारी मालक स्वतः बसलेले असताना जावे. महिनाअखेरीस कंपनीने दिलेले विक्रीचे लक्ष्य गाठायचे असल्याने पुष्कळ विक्रेत्यांचा हात थोडा सैल होतो. पैसे यूपीआयने देण्याची तयारी हीही एक बाजू आहे. क्रेडिट कार्ड चालवले की दुकानदाराला बँकेला टक्केवारी मोजावी लागते. साध्या यूपीआयवर आणि रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून ते शुल्क नाही. ही वाचणारी रक्कम भावातून कमी करा, असे म्हणणे पूर्णतः न्याय्य आहे. आणि भाव उतरतच नसेल, तर स्टँड, स्टॅबिलायझर किंवा पहिली सर्व्हिसिंग मागता येते. दुकानदाराला पैशांत सूट देण्यापेक्षा हे पुष्कळदा सोपे जाते.

कधी कधी दुकानदार खरोखर हतबल असतो आणि त्याचे कारण त्याच्या दुकानाबाहेर असते. मारुती सुझुकीच्या प्रकरणात हे उघड झाले. मुंबई वगळता महाराष्ट्र आणि गोवा या विभागातील विक्रेत्यांविषयी एक निनावी ई-मेल भारतीय स्पर्धा आयोगाकडे आला आणि चौकशी सुरू झाली. ठरवून दिलेल्या मर्यादेपलीकडे सूट देण्यास विक्रेत्यांना कंपनी मज्जाव करीत होती, खोटे ग्राहक पाठवून पाळत ठेवली जात होती आणि जादा सूट देणाऱ्याला दंड होत होता, असा निष्कर्ष आयोगाने काढला. २३ ऑगस्ट २०२१ रोजी आयोगाने कंपनीला २०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला. त्यावर कंपनी अपिलात गेली. ज्या ग्राहकांना त्या काळात "याहून खाली जाता येत नाही" असे उत्तर मिळाले, त्यांच्यातील अनेकांनी समोरच्या विक्रेत्यालाच लोभी ठरवले असेल.

याच्या अगदी उलट प्रकार म्हणजे "बिल नको म्हणा, करच वाचेल" हा प्रस्ताव. २२ सप्टेंबर २०२५ पासून एसी आणि मोठे टीव्ही २८ ऐवजी १८ टक्के कराच्या टप्प्यात आले, तरी हा मोह संपलेला नाही. येथे थोडा हिशेब समजून घ्यावा. प्रामाणिक दुकानदाराने माल आणतानाच त्या खरेदीवर कर भरलेला असतो. विक्रीच्या वेळी त्याला भरायचा उरतो तो मुख्यतः आपल्या नफ्याच्या अंशावरचा. मग जो पूर्ण १८ टक्के सोडायला तयार होतो, त्याच्याकडे माल आला तरी कोठून? अशा मालाची वॉरंटी अडली की कच्ची चिठ्ठी कोणी विचारत नाही. बिल न देणे ही २०१९ च्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत विरुद्धराज्यातिक्रम सांगितला आहे, हे श्रावकाला निराळे सांगायला नको. आजचे अनेक विवेचक करचुकवेगिरी त्यातच धरतात. बिल मागणारा ग्राहक आणि बिल न देणारा दुकानदार यांच्यात एकटा दुकानदारच दोषी असतो. बिल नको म्हणणारा मात्र त्या दोषात वाटेकरी होतो.

सत्य अणुव्रताचा प्रश्नही येथेच येतो. पलीकडच्या दुकानात ३९,००० सांगितले असताना "३७ सांगितले" असे ठोकून देणे अनेकांना व्यवहारचातुर्य वाटते. मोबाइलवरचे चित्र बदलून दाखवणे तर थेट कूटलेखक्रियेच्या जवळ जाते. दुकानदारही काही कमी नाहीत. आधी भाव फुगवायचा आणि मग 'खास तुमच्यासाठी' तो उतरवायचा, ही जुनी खोड आहे. योगशास्त्रात हेमचंद्राचार्यांनी मार्गानुसारी गृहस्थाचे ३५ गुण सांगताना न्यायाने मिळवलेल्या संपत्तीला पहिले स्थान दिले. ते विकणाऱ्याला जितके लागू आहे तितकेच घासाघीस करून पैसे वाचवणाऱ्यालाही.

सर्वांत नाजूक बाब साधर्मिकाची. संघातला दुकानदार म्हणून 'घरचा भाव' मागितला जातो आणि तो नाही म्हणू शकत नाही. चातुर्मासाच्या स्वामीवात्सल्यात ज्याच्या शेजारी बसायचे, त्याला नकार कसा द्यायचा? मोठी साखळी दुकाने घाऊक खरेदीच्या बळावर जो भाव देतात, तो ठाण्याच्या जांभळी नाक्यावरील किंवा कल्याणच्या गल्लीतील एका शटरच्या दुकानाला कित्येकदा खरेदीलाही पडत नाही. तोट्यात दिलेला एसी ही साधर्मिक भक्ती नव्हे. तो भिडेचा कर आहे. अशा वेळी ग्राहकाने खरा भाव दाखवावा, "जमत असेल तरच" असे म्हणावे आणि नकार आला तर मन न मोडता दुसरीकडून घ्यावे. दुकानदारानेही खरेदीचा आकडा लपवून ओढाताण करण्यापेक्षा "एवढ्यात मला परवडत नाही" असे सरळ सांगावे. पुष्कळ जुनी दुकाने असे सांगतात आणि त्यांचे गिऱ्हाईक तुटत नाही.

सौदा ठरला की पक्क्या बिलावर पूर्ण मॉडेल क्रमांक, अनुक्रमांक, बसवणीत काय धरले आहे ते आणि घरपोच देण्याचा दिवस लिहून घ्यावा. तोंडी ठरलेला स्टँड बिलावर नसेल तर कारागीर त्याचे पैसे मागतोच. वाद झाल्यास आधी मालकाशी बोलावे, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास शुल्क लागत नाही.