उतारवयातील प्रेम आणि सामान्य प्रेक्षक

पेण किंवा रोह्यातील एखाद्या मध्यमवर्गीय घरी वार्धक्यावरील चित्रपटाचा विषय काढावा. उत्तर बहुधा ठरलेले असते : "घरात रोज पाहतो तेच पैसे मोजून कशाला पाहायचे?" वर्षाकाठी दोन-चार चित्रपट पाहणाऱ्या या प्रेक्षकाला उथळ ठरवून समीक्षक मोकळे होतात. हा आरोप अन्यायाचा आहे. दिवा-रोहा गाडीच्या वाटेवरील या गावांतून मुले नोकरीसाठी मुंबई-पुण्याला गेली, काही परदेशी स्थिरावली. मागे दोनच माणसे उरलेली घरे येथे आळीआळीत आहेत. औषधांचा डबा आणि रविवारच्या फोनची वाट त्यांना पडद्यावरून दाखवण्याची गरज नाही.

मग याच प्रेक्षकाने २०१६ मध्ये 'नटसम्राट'ला गर्दी का केली? नाना पाटेकरांचा अभिनय तोलामोलाचा होता, यात शंका नाही. परंतु तेथे ढाळलेल्या अश्रूंत पोटच्या मुलांवरील संतापाचा वाटा मोठा होता. संजय सूरकरांच्या 'तू तिथं मी' (१९९८) मध्ये मुलांच्या सोयीसाठी आईवडिलांची ताटातूट होते. मोहन जोशी आणि सुहास जोशी यांनी ती व्यथा हळुवारपणे उभी केली, तरी घरी परतताना चर्चा होते ती मुलांचीच. रोह्याच्या घरातील मुलगा मात्र नियमाने पैसे पाठवतो, गणपतीला न चुकता येतो. तो कृतघ्न नाही, आणि तरीही आईवडील एकटे आहेत. 'हे चित्रपट आमच्या घराचे नाहीत' ही सामान्य प्रेक्षकाची तक्रार म्हणूनच रास्त ठरते.

तिला उत्तर देणारे चित्रपट मराठीत आहेत. ते या प्रेक्षकापर्यंत पोहोचले नाहीत, एवढेच. बिपिन नाडकर्णी यांचा 'उत्तरायण' (२००४) हा त्यांपैकी एक. जयवंत दळवींच्या 'दुर्गी' नाटकावरील या चित्रपटात शिवाजी साटम आणि नीना कुळकर्णी यांनी साठीच्या उंबरठ्यावरील स्नेह कोठेही हास्यास्पद होऊ दिला नाही.

त्याहून अवघड वाट गजेंद्र अहिरे यांच्या 'अनुमती'ने धरली. याच भूमिकेसाठी दिवंगत विक्रम गोखले यांना २०१२ सालचा सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार इरफान खान यांच्यासह मिळाला. निवृत्त शिक्षकाची पत्नी कृत्रिम श्वासावर आहे, गाठीची पुंजी आटली आहे, आणि उपचार थांबवण्यास त्याने अनुमती द्यावी, एवढीच अपेक्षा आहे. तो ती देत नाही. पैशांसाठी वणवण हिंडतो. योगायोग असा की, त्याच २०१२ साली मिखाएल हानेके यांच्या 'आमूर'ला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. शीर्षकाचा अर्थच 'प्रेम'. तेथील वृद्ध पती अर्धांगवायूने खंगलेल्या पत्नीची मन लावून शुश्रूषा करतो आणि अखेरीस स्वतःच्याच हाताने तिचा श्वास थांबवतो. पॅरिसच्या बंद घरात लेकही पाहुणीसारखी येऊन जाते. मराठी मास्तर निदान दार उघडून नात्यागोत्यांकडे धाव घेतो. आपल्या कुटुंबव्यवस्थेचा अभिमान बाळगणाऱ्यांनी येथे थोडे थांबावे, कारण धावूनही त्याची झोळी भरत नाही. शस्त्रक्रियेला मदत करणारे नातलग अतिदक्षता विभागाच्या विसाव्या दिवशी कोठे असतात, हे ठाऊक नाही असे घर विरळा.

उपचार कोठवर चालवावेत, हा प्रश्न या मातीला नवा नाही. पेण तालुक्यातील गागोद्यात जन्मलेल्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध नाकारून शांतपणे देह ठेवला. परंतु तो निर्णय त्यांनी स्वतःपुरता घेतला होता. सहधर्मचारिणीच्या वतीने तो घेणे ही निराळीच परीक्षा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सुलभ केली. तरी 'तुझी इच्छा काय?' असे चाळीस वर्षांच्या सोबतिणीला विचारायला माणसाची जीभ रेटत नाही.

तेव्हा येथील ग्रंथालयांनी किंवा ज्येष्ठ नागरिक संघांनी 'अनुमती'चा एक खेळ लावावा. तोही एरवी नव्हे, गणपतीत, मुले घरी आलेली असताना. विसर्जनानंतर परतीच्या गाडीला बहुधा एक संध्याकाळ शिल्लक असते.