हिवाळी शर्यत आणि तिचे सोबती

मार्गशीर्ष लागला कीं युरोपांतील मोटारशर्यतींचीं मैदानें ओस पडतात. धुकें, हिम आणि चार वाजतांच दाटणारा काळोख यांत शर्यतीच्या गाडीला जीवच राहत नाहीं. तिच्या चाकांचें रबर तापल्याशिवाय रस्ता धरीत नाहीं, आणि तिकडे तर माणूसदेखील तापत नाहीं. मग ते शर्यतवाले करतात काय? थंडी पडूं लागली म्हणजे पक्षी जें करतात तेंच. गाड्या मोठमोठ्या पेट्यांत बंद करून ऊबदार मुलखाकडे रवाना करावयाच्या आणि मागोमाग आपण जावयाचें. अलीकडच्या वर्षांत डिसेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत मलेशियांतील सेपांग, दुबई व अबूधाबी येथें जी शर्यतमाला चालत आली, तिला आशियाई ल माँ मालिका म्हणतात. या खेपेस तिच्याविषयीं लिहावें असें आम्हीं योजिलें आहे. वडीलधाऱ्या वाचकांनीं कपाळाला आठी घालूं नये. घरांतील मुलें हें पान तुमच्या आधीं वाचून बसलीं असतील अशी आमची अटकळ आहे.

ल माँ हें फ्रान्समधील एका शहराचें नांव. तेथील मोटार-मंडळ १९०६ सालीं स्थापन झालें आणि १९२३ सालापासून तें चोवीस तासांची एक शर्यत भरवीत आलें आहे. साडेतेरा किलोमीटरांहून अधिक लांबीचा तो मार्ग, त्याचा बराचसा भाग एरवीं लोकांच्या वहिवाटीचा रस्ता. त्यावर एक दिवस आणि एक रात्र जी गाडी सर्वांत अधिक अंतर कापील ती जिंकली. या शर्यतींत पैसे टाकून जागा मिळत नाहीं, निमंत्रण यावें लागतें. आणि निमंत्रण हमखास मिळविण्याच्या ज्या थोड्या वाटा आहेत, त्यांपैकीं आशियांतील ही हिवाळी मालिका एक. २००९ सालीं जपानांत ओकायामा येथें तिचा प्रारंभ झाला, मध्यें ती बंद पडली, २०१३ सालीं पुन्हां उभी राहिली, आणि २०१५ पासून एका वर्षीं सुरू होऊन दुसऱ्या वर्षीं संपणारा हिवाळी हंगाम तिनें धरला. फुजी पर्वताच्या पायथ्याचा मार्ग, थायलंडांतील बुरीराम, चीनमधील शांघाय, अशी तिची पहिलीं कांहीं वर्षें फिरतींत गेलीं. पुढें करोनाची सांथ आली, देशोदेशींच्या सीमा मिटल्या, आणि २०२१ चा सगळा हंगाम आखातांतील दोन मैदानांवर, एका फेब्रुवारी महिन्यांत, चार शर्यतींत आटोपावा लागला. आम्हांला सांगावयाची गोष्ट त्याच हंगामाची आहे.

परंतु आधीं गाडी कसली तें सांगितलें पाहिजे. हिला प्रोटोटाइप म्हणतात; आपल्या भाषेंत आद्यरूप म्हणावें. दुकानांत मिळणाऱ्या मोटारीला नटवून-सजवून ही बनत नाहीं. ती शर्यतीसाठींच जन्मते; ना तिला सामान ठेवावयास जागा, ना शेजारीं बसावयास. या मालिकेंतील वरच्या वर्गाच्या गाडीला ‘एलएमपी-२’ असें रुक्ष नांव आहे. वजन साडेनऊशें किलोच्या आसपास, म्हणजे घरोघरच्या एखाद्या लहान मोटारीएवढेंच. पण एंजिन आठ सिलिंडरांचें, सव्वाचार लिटरांच्या घरांतलें. आणि मौज अशी, कीं २०१७ सालच्या नियमांपासून हें एंजिन सर्वांना एकाच कारखान्याचें घ्यावें लागतें. ज्याची तिजोरी मोठी त्याचें एंजिन मोठें, ही सोयच ठेविली नाहीं. मग फरक उरतो तो हांकणाऱ्याच्या हातांत आणि संघाच्या शिस्तींत. ज्यानें हा नियम घातला त्याला शाळा चालवितां आली असती, असें आम्हांला वाटतें.

शर्यत चार तासांची. गाडी एक, आसन एक आणि हांकणारे बहुधा तिघे. एकानें तास-सव्वातास हांकावी, मग आपल्या थांब्यावर येऊन उतरावें, दुसऱ्यानें बसावें. तिघांची उंची निराळी, म्हणून ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाची आंतली गादी निराळी. पण सुकाणूचक्र, पायांखालचे ब्रेक, गाडीचा एकंदर स्वभाव हीं मात्र तिघांना मिळून मानवतील अशींच ठेवावीं लागतात. कोणालाच सर्वस्वीं मनासारखी गाडी मिळत नाहीं. पहिल्यानें ब्रेक झिजविले तर ते तसेच दुसऱ्याच्या पायाखालीं येतात. एका न्हाणीघरांत पांच भावांचे संसार पाहिलेल्या आमच्या वाचकांस यापेक्षां अधिक खुलासा नको.

यांतही एक मेख आहे. शर्यत हांकणाऱ्यांची प्रतवारी लावलेली असते : प्लॅटिनम, सोनें, रुपें आणि कांसें. कांस्यवर्गांतले बहुतेक जण हौशी. पोटापाण्याचा उद्योग दुसरा, आणि या विद्येकडे ते उशिरां वळलेले. या हिवाळी मालिकेनें अलीकडच्या हंगामांत असा दंडक घातला, कीं एलएमपी-२ च्या प्रत्येक गाडीवर एक तरी कांस्यवर्गी असलाच पाहिजे, आणि ठराविक वेळ त्यानें गाडी हांकलीच पाहिजे. त्याला पांच मिनिटें बसवून उठवितां येत नाहीं. कित्येक वेळां खर्चाचा मोठा भार याच हौशी गृहस्थानें उचललेला असतो, हें उघड गुपित आहे, आणि त्यावरून कोणी नाकें मुरडतात. आम्हांला मात्र त्यांत खटकण्यासारखें कांहीं दिसत नाहीं. निष्णातानें आपलें कौशल्य एकट्यापुरतें दाखवावें हें सोपें. आपल्याहून मंद सोबत्यानें गमावलेली मिनिटें कुरकुर न करतां भरून काढणें हें कठीण. वर्गांत तीस वर्षें उभें राहिल्यावर आमचें मत याहून वेगळें होणें शक्य नव्हतें.

आतां २०२१ चा फेब्रुवारी. त्या हंगामांत दुबईच्या मैदानावर एका गाडीवर तीन भारतीय नांवें होतीं : नारायण कार्तिकेयन, अर्जुन मैनी आणि नवीन राव. कार्तिकेयन हे कोइमतूरचे. फॉर्म्युला वन शर्यतींत २००५ सालीं उतरलेले पहिले भारतीय. ल माँशीं त्यांचें एक जुनें देणें होतें. २००९ सालीं तेथें त्यांना ऑडी गाडी मिळाली होती. शर्यत सुरू व्हावयाच्या अगोदर थांब्याच्या भिंतीवरून उडी टाकतांना त्यांचा खांदा निखळला, आणि दोघा सोबत्यांनीं तिसऱ्यावांचून चोवीस तास गाडी हांकली. ताशीं तीनशें किलोमीटर वेगाच्या शर्यतींत घात कोणी केला, तर पुरुषभर उंचीच्याही नसलेल्या एका भिंतीनें! बारा वर्षांनीं, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं, त्याच दाराशीं जाण्यासाठीं ते हिवाळी मालिकेच्या आडवाटेनें आले होते. बंगळूरचे मैनी त्यांच्याहून वीस वर्षांनीं लहान, आणि २०१९ सालीं ल माँ हांकून आलेले. मालिकेचें विजेतेपद या तिघांना मिळालें नाहीं.

तें मिळालें जी-ड्राइव्ह नांवाच्या संघाला. नांव रशियन पेट्रोलचें, व्यवस्था पोर्तुगालमधील मंडळींची, गाडी मुळांत फ्रेंच; हांकणारे दोन ऑस्ट्रियन व एक चिनी. ऑस्ट्रियनांपैकीं एक रेने बिंडर. दुसऱ्याचें नांव ऐकून आम्हीं चष्मा पुसून पुन्हां वाचलें : फर्डिनांड हॅब्सबर्ग. १९१८ सालीं ज्याचें राज्य गेलें त्या ऑस्ट्रियाच्या शेवटच्या बादशहाचा, कार्लचा, हा पणतू. ज्या घराण्याची वंशावळ पाठ नसल्याबद्दल आम्हीं अनेक मुलांस बाकावर उभें केलें, त्याचा वंशज थांब्यावर शिरस्त्राण घालून आपली पाळी येण्याची वाट पाहत उभा असतो. चिनी सोबती ये यीफेइ; जन्म २००० सालचा, श्यामेन या बंदराच्या शहरांतला.

त्या वर्षीं ल माँची शर्यत सांथीमुळें जूनऐवजीं ऑगस्टांत झाली. हिवाळ्यांत एका आसनावर पाळीनें बसलेले हे दोघे आतां एकाच बेल्जियन संघाच्या दोन वेगळ्या गाड्यांवर होते. तेवीस तास उलटले, आणि एलएमपी-२ च्या वर्गांत त्याच दोन गाड्या पहिल्या व दुसऱ्या होत्या. पुढें होती ती ये यांची, आणि शेवटच्या पाळीस तेच बसले होते. शेवटची फेरी सुरू झाली, आणि गाडी थांबली. यंत्रानें दगा दिला. चोवीस तासांपैकीं चार मिनिटांहून कमी वेळ राहिला असतां ते रस्त्याच्या कडेला उभ्या गाडींत बसून राहिले. मागून हॅब्सबर्गच्या संघसोबत्यानें दुसरी गाडी पुढें काढली आणि वर्ग जिंकला, तोही मागच्या प्रतिस्पर्ध्यापेक्षां एका सेकंदाहून कमी अंतरानें. सहा महिन्यांपूर्वींचा ज्याचा जोडीदार हरला तोच आज जिंकला होता. आनंद करावा कीं सुतक पाळावें, हें त्या संघालाही त्या क्षणीं कळलें नसेल.

येथें घरांतील आईमंडळी एक प्रश्न विचारतील, आणि तो रास्त आहे : हें सारें जिवावरचें नव्हे काय? आहेच. १९५५ सालीं याच ल माँ येथें एक गाडी प्रेक्षकांत घुसली आणि ऐंशीहून अधिक माणसें मेलीं. तेव्हांपासून कठडे, मार्ग, गाड्यांचीं कवचें यांत पुष्कळ सुधारणा झाली, तरी धोका गेलेला नाहीं. २०२४ च्या मार्चमध्यें स्पेनमध्यें सराव करतांना हॅब्सबर्ग यांच्याच पाठीचे मणके मोडले. जे तरुण वाचक पुण्याहून मुंबईस जातांना बापाच्या गाडींत हे प्रयोग करूं पाहतात, त्यांच्यासाठीं एवढेंच सांगतों, कीं शर्यतीच्या मैदानावर समोरून एस. टी. येत नाहीं.

ये यांचें दैव त्यानंतरही सरळ झालें नाहीं. २०२३ सालीं ल माँ येथें, आतां सर्वांत वरच्या वर्गांत, ते सगळ्या गाड्यांच्या पुढें असतांना कठड्यावर आदळले. आणि या वेळीं दोष यंत्राला देण्याचीही सोय नव्हती. मग २०२५ चा जून आला. पिवळ्या रंगाची, त्र्याऐंशी क्रमांकाची फेरारी. सोबती दोघे : इंग्लंडचे फिल हॅन्सन आणि पोलंडचे रॉबर्ट कुबित्सा. हे कुबित्सा २०२१ च्या त्या थांबलेल्या गाडीचेही भागीदार होते. २०११ सालीं एका अपघातांत त्यांचा उजवा हात जवळजवळ गेलाच होता. त्याच दुखऱ्या हातानें त्यांनीं शर्यतीचा अखेरचा लांब पल्ला हांकला. या खेपेस गाडी थांबली नाहीं. ल माँची संपूर्ण शर्यत जिंकणारा पहिला चिनी म्हणून ये यांचें नांव लागलें.

हॅब्सबर्गही त्या दिवशीं त्याच मार्गावर होते, आल्पीन नांवाच्या फ्रेंच गाडीवर, पुष्कळ मागें. त्यांच्या गाडीची पाळी सप्टेंबरांत आली. ती शर्यत जपानांत होती, त्याच फुजीच्या पायथ्याशीं, जेथें एके काळीं आशियाई मालिका हिवाळ्यांत आपल्या पेट्या उघडीत असे.