दलाल गेला, नफेखोरी राहिली

'मधला दलाल हटवा, म्हणजे ग्राहकाचे कल्याण होईल' हा भांडवलदारी अर्थपंडितांचा आवडता मंत्र आहे. त्याचा पुरावा म्हणून अमेरिकेतील डेल कंपनीचे नाव वर्षानुवर्षे पुढे केले गेले. १९८४ साली मायकेल डेल या विद्यार्थ्याने टेक्सासमधील ऑस्टिन येथे एक हजार डॉलरवर हा धंदा सुरू केला आणि दुकानदाराला वगळून संगणक थेट ग्राहकाला विकला. काँपॅक कंपनी विक्रेत्यांच्या साखळीवर उभी होती. २००१ मध्ये डेलने तिला मागे टाकून जगात पहिला क्रमांक मिळवला. मग दलालाचा नफा गेला कोठे?

संगणक काहीसा स्वस्त झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु या पद्धतीचे खरे मर्म वेगळेच होते. ग्राहकाचे पैसे कंपनीच्या हाती आधी पडत. सुटे भाग पुरवणाऱ्यांची बिले कित्येक आठवड्यांनी चुकती होत. म्हणजे धंद्याचे खेळते भांडवल परक्याचे, नफा मात्र स्वतःचा! सुट्या भागांच्या किमती सतत घसरणाऱ्या या उद्योगात साठा बाळगणे म्हणजे तोटा ओढवून घेणे. डेलने तो साठा पुरवठादारांच्या गुदामांत ठेवला. जोखीम नाहीशी झाली नाही. ती खाली ढकलली गेली, आणि अखेर मजुराच्या पाठीवर येऊन पडली.

व्यापाऱ्याचा नफा हा उत्पादनात निर्माण झालेल्या वरकड मूल्याचाच एक वाटा असतो, हे मार्क्सने 'भांडवल'च्या तिसऱ्या खंडात दाखवून दिले आहे. दुकानदार हटला म्हणून वरकड मूल्य कामगाराला परत मिळत नाही. वाटेकऱ्यांपैकी एक कमी होतो, इतकेच.

याची किंमत कामगारांनी मोजली. सार्वजनिक सवलतींच्या जोरावर २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातील विन्स्टन-सेलम येथे उघडलेला कारखाना २०१० मध्ये बंद झाला. आयर्लंडमधील लिमरिक येथे जानेवारी २००९ मध्ये १,९०० नोकऱ्यांवर गदा आली आणि उत्पादन स्वस्त मजुरीच्या पोलंडमध्ये हलवले गेले. त्याच वर्षाअखेरीस पोलंडमधील कारखानाही फॉक्सकॉनला विकण्याचे ठरले. श्रमिकाशी मात्र कंपनीचे नाते 'थेट' उरले नाही!

दुकानदारामार्फत विकणाऱ्या कंपन्यांचे कामगार सुखी होते, असेही नव्हे. २००२ मध्ये ह्युलेट-पॅकार्डने काँपॅक गिळंकृत केली, तेव्हा १५,००० नोकऱ्यांची कपात जाहीर झाली. आणि ज्या डेलने दुकानांना तुच्छ लेखले, तिनेच २००७ मध्ये वॉलमार्टच्या फळ्यांवर आपले संगणक मांडले. तत्त्व वगैरे काही नव्हते. नफ्याला जो मार्ग सोयीचा, तोच श्रेष्ठ!

भारतातही हाच मंत्र जपला गेला. सप्टेंबर २०१२ मध्ये किरकोळ व्यापार ५१ टक्के परकीय भांडवलाला खुला करताना 'मध्यस्थ जातील' अशीच ग्वाही दिली गेली. लहान मध्यस्थाच्या जागी महाकाय मध्यस्थ बसवणे, यालाच सुधारणा म्हणण्यात आले. छोट्या दुकानदाराच्या नफेखोरीचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु तिच्याविरुद्धच्या रास्त संतापाचे भांडवल करून मक्तेदारांना बाजार आंदण देण्यास ठाम विरोध केलाच पाहिजे. माल कोण विकतो, हा दुय्यम प्रश्न होय. मूल्य कोण निर्माण करतो, ते कोण हडप करतो आणि तोटा कोणाच्या माथी मारला जातो, हाच खरा प्रश्न आहे.